मेंदूचा रंगीत नकाशा

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कुणाची निराशा नको. न्यूरोफीडबॅक हे थोतांड आहे असं मी म्हणणार नाहीये. पण मानसिक आघातावरचा रामबाण उपाय म्हणून तो विकणाऱ्यांशी आणि विकत घेणाऱ्यांशी मात्र आज भांडणार आहे. हे दोन्ही एकाच लेखात कसं जमतं ते बघा.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे 'इतके टक्के बरे झाले' असं कुणी म्हणालं की 'कुणाच्या तुलनेत?' हा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो. घरात यावरून मला बोलणीही बसतात. असो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या शरीरात बऱ्याच गोष्टी आपल्याला न विचारता चालू असतात. नाडी, श्वास, तळहाताचा घाम, बोटांचं तापमान, स्नायूंचा ताण. यातली एखादी गोष्ट यंत्राने मोजायची आणि तो आकडा त्याच क्षणी त्या माणसाला पडद्यावर किंवा आवाजातून कळवायचा. आरशात बघून भांग पाडावा तसा तो माणूस आकड्याकडे बघून शरीराला हळूहळू वळण लावतो. हा झाला बायोफीडबॅक. त्याच कल्पनेने डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी मोजल्या की तो न्यूरोफीडबॅक. हव्या त्या लहरी वाढल्या की पडद्यावरचा सिनेमा स्वच्छ दिसतो, घसरल्या की अंधुक होतो. मेंदूला बक्षीस देऊन शिकवायचं, एवढीच गंमत.

कल्पना खोटी नाही, आणि तिचा इतिहास तर फारच मनोरंजक आहे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने माणसाच्या मेंदूच्या लहरींवरचा पहिला निबंध १९२९ साली छापला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी शिकागोमध्ये ज्यो कामिया यांनी दाखवलं की आपल्या मेंदूत आत्ता अल्फा लहर आहे की नाही हे ओळखायला माणूस शिकू शकतो. मग लॉस एंजेलिसला बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना एक विशिष्ट लहर वाढवायला शिकवलं. बक्षीस काय, तर दूध आणि कोंबडीचं सूप! पुढे रॉकेटच्या इंधनाच्या विषारीपणाची तपासणी करताना असं दिसलं की शिकवलेल्या मांजरांना त्या विषाने येणारे झटके इतर मांजरांपेक्षा उशिरा येतात. हा प्रयोग मला फार आवडतो. कारण मांजराला कुणी 'तू आता बरी होणार हं' असं सांगितलेलं नव्हतं, तिने पैसे भरले नव्हते आणि तिच्या आईने नवसही बोलला नव्हता. परिणाम दिसला तो शुद्ध.

पण माणसाचं तसं नसतं. माणूस आशा घेऊन खुर्चीत बसतो. आणि आशेचा परिणाम वजा केल्याशिवाय यंत्राचा परिणाम किती ते कळत नाही. माझं सगळं भांडण या एका वजाबाकीवरून आहे.

आता आघाताकडे येऊ. अपघात, बलात्कार, दंगल, भूकंप, लहानपणचा छळ, युद्ध. यातून जिवंत राहिलेल्या काही माणसांच्या मनात ती घटना संपतच नाही. दिवसाढवळ्या ती पुन्हा घडते, झोप उडते, साध्या आवाजाने दचकायला होतं, आणि मग माणूस त्या आठवणीजवळ नेणारा प्रत्येक रस्ता टाळू लागतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली याला नाव मिळालं: पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, पीटीएसडी.

न्यूरोफीडबॅकचा यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९१ चा. पेनिस्टन आणि कुलकॉस्की या दोघांनी व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर तो केला. पंधरा जणांना न्यूरोफीडबॅक, चौदा जणांना नेहमीचे उपचार. तीस महिन्यांनी बघितलं तर नेहमीचे उपचार घेतलेले चौदाच्या चौदा पुन्हा घसरले होते, आणि न्यूरोफीडबॅकवाल्या पंधरापैकी फक्त तीन. वाचून डोळे विस्फारतात ना? माझेही विस्फारले. पण एकूण माणसं एकोणतीस! आणि एका गटाला तीस वेळा नवीन, चमकदार, खास आपल्यासाठी आणलेलं काहीतरी मिळालं, दुसऱ्याला रोजचंच. फरक यंत्राने पाडला की त्या खास वागणुकीने, हे या मांडणीतून सांगता येत नाही.

पंचवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ५२ जण, जुनाट पीटीएसडी, इतर उपचारांना दाद न देणारा. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना बारा आठवड्यांत चोवीस सत्रं, बाकीचे प्रतीक्षायादीत. शेवटी न्यूरोफीडबॅकवाल्यांपैकी २७.३ टक्के लोकांना पीटीएसडी उरला होता, प्रतीक्षायादीतल्या ६८.२ टक्के लोकांना. चांगला निकाल आहे, मी नाकारत नाही. पण प्रतीक्षायादीतल्या माणसाला काय मिळतं? प्रतीक्षा. इकडे मात्र आठवड्यातून दोनदा कुणीतरी त्याची वाट बघतंय, त्याची झोप कशी झाली विचारतंय. तीन महिने नियमाने एखाद्या शांत खोलीत एका सहृदय माणसाशेजारी बसलं तर नुसत्या त्यानेही थोडं बरं वाटेल. २०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी म्हणूनच ३६ जणांच्या अभ्यासात खोटा न्यूरोफीडबॅक मिळणारा गट ठेवला. तिथेही खऱ्या गटाच्या बाजूने निकाल आला, तीन महिन्यांनी ६१ टक्के जण पीटीएसडीच्या व्याख्येतून बाहेर. दिशा बरोबर आहे. पण छत्तीस माणसांवर दुकान उघडायचं?

मी एवढी चिकित्सा का करते? कारण दुसऱ्या आजारात नेमकं काय झालं ते आपल्यासमोर आहे. मुलांच्या एडीएचडीवर न्यूरोफीडबॅक कित्येक वर्षं धडाक्यात विकला गेला. मग अमेरिकेत १४४ मुलांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. निम्म्याहून जास्त मुलांना खरा, उरलेल्यांना हुबेहूब तसाच दिसणारा खोटा. मुलांना, पालकांना, शिक्षकांना कुणालाच माहीत नाही कुणाला काय. निकाल काय? दोन्ही गट सुधारले, आणि जवळजवळ सारखेच सुधारले. यंत्र खरं की खोटं याने फारसा फरक पडला नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रियात निद्रानाशावरच्या एका लहान अभ्यासात तेच दिसलं.

यावर एक हमखास युक्तिवाद येतो: "आशेने का होईना, बरं वाटतंय ना? मग तुझं काय जातं?" माझं काही जात नाही. ज्याच्यावर आघात झालाय त्याचं जातं. पैसे जातात हे एक. वेळ जातो हे दुसरं, आणि ते जास्त महत्त्वाचं. चाळीस सत्रं म्हणजे पाच-सहा महिने. तेवढ्या काळात ज्या उपचारांमागे कितीतरी भक्कम पुरावा आहे ते सुरूच होत नाहीत. आणि तिसरं, फरक पडला नाही की तो माणूस म्हणत नाही 'यंत्रात दम नव्हता'. तो म्हणतो 'माझा मेंदूच कायमचा बिघडलाय'.

हे सगळं लिहिण्यामागे घरचं कारण आहे. निम्मं घर हा ब्लॉग वाचतं, तेव्हा आडपडदा ठेवत नाही (आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारूनच लिहितेय). माझ्या मावसभावाच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघात झाला. गाडी तो चालवत होता. शेजारी बसलेला मित्र गेला. तेव्हापासून हा पुढच्या सीटवर बसत नाही, पहाटे तीनला उठून गॅलरीत येरझाऱ्या घालतो, आणि त्या मित्राच्या घरावरून जायला नको म्हणून ऑफिसला जाताना चार किलोमीटरचा वळसा घेतो. त्याला कुणीतरी एका केंद्रात नेलं. दुसऱ्याच भेटीत त्याच्या मेंदूचा लाल-पिवळा-निळा नकाशा हातात ठेवून सांगितलं, "हा लाल भाग दिसतोय ना, हा तुमचा ट्रॉमा." आणि चाळीस सत्रांचं पॅकेज. सगळे पैसे आधी भरले तर सवलत.

तो नकाशा मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. छान छापलाय. पण मंडळी, लाल रंग म्हणजे जखम नव्हे. कवटीवरून मोजलेल्या, व्होल्टचे काही दशलक्षांश भाग इतक्या क्षीण लहरींची सरासरी काढून, दुसऱ्या लोकांच्या सरासरीशी ताडून, संगणकाने भरलेला तो रंग आहे. दात घट्ट आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिचकावले, डुलकी लागली तरी आकृती बदलते. आणि मेंदूच्या आलेखावरून पीटीएसडीचं निदान करण्याची मान्य पद्धत आजही नाही. ते निदान होतं माणसाशी बोलून.

मेंदूच्या आलेखावर भाबडा विश्वास ठेवल्याने काय होतं याचा धडा खुद्द महाराष्ट्रात मिळालेला आहे. २००८ साली पुण्यातल्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या लहरींची चाचणी विचारात घेऊन जन्मठेप दिली, आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करणं घटनाबाह्य ठरवलं. त्या आलेखात 'आठवण' दिसते असा तिथे दावा होता. इथे 'ट्रॉमा' दिसतो असा आहे. आलेख बिचारा दोन्हीकडे मुकाच.

आता माझ्या खऱ्या भांडणाकडे येते. ते केंद्रवाल्यांशी कमी आणि आपल्याशी जास्त आहे.

पॅकेजची बाजू घेताना मावशी मला फोनवर म्हणाली, "अगं, यात बोलायचं काही नसतं. नुसतं स्क्रीनकडे बघायचं. तेच बरं." तिच्या या वाक्याने मला जेवढं कळलं तेवढं दहा शोधनिबंधांनी कळलं नसतं. आपल्या घरांना हे यंत्र का आवडतं? कारण त्यात बोलायचं नसतं. 'मुलगा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो' म्हणायला जीभ अडखळते, 'मेंदूची टेक्नॉलॉजी चालू आहे' म्हणायला छाती फुगते. दोन वर्षं त्या घरात कुणी त्या मित्राचं नावही उच्चारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे पॅकेजची किंमतही जवळजवळ तेवढीच आहे.

मावशी, रागावू नकोस. तुझा जीव तुटतो म्हणूनच तू हे म्हणतेस हे मला माहीत आहे. पण आघाताचा आजार टाळण्यावरच पोसला जातो. जे टाळलं ते तसंच ताजं राहतं. म्हणून ज्या उपचारांचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ते सगळे त्या आठवणीच्या जवळ जाणारे आहेत. प्रलंबित नव्हे, 'प्रोलाँग्ड' एक्स्पोजर: सुरक्षित जागी, तज्ज्ञाच्या सोबतीने ती घटना पुन्हा पुन्हा सांगायची आणि टाळलेल्या जागी हळूहळू जायचं. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी: 'माझ्यामुळेच तो गेला' यासारख्या मनात रुतून बसलेल्या वाक्यांची उलटतपासणी करायची. आणि ईएमडीआर: आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करायच्या. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत हे तीन उपचार शिफारशीत आहेत. न्यूरोफीडबॅक? त्याबद्दल तिथे लिहिलंय की शिफारस करायला किंवा नको म्हणायला पुरेसा पुरावा नाही. ज्या देशात हे तंत्र जन्मलं आणि ज्या सैनिकांवर पहिल्यांदा वापरलं, त्यांच्याच खात्याचं हे मत. आणि हे शिफारशीतले उपचार साधारण आठ ते पंधरा सत्रांत होतात. चाळीस नाही.

समोरच्या बाजूचंही न्यायाने सांगायला हवं. बोलून होणारे उपचार सगळ्यांना लागू पडतात असं नाही. २०१५ मध्ये सैनिकांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात या उपचारांनंतरही साधारण दोन तृतीयांश जणांचं पीटीएसडीचं निदान कायम होतं. त्रास कमी झाला, पण आजार गेला नाही. काहींना आठवणीजवळ जाणं इतकं असह्य होतं की ते अर्ध्यावर सोडतात. अशांसाठी दुसरी वाट शोधलीच पाहिजे, आणि न्यूरोफीडबॅक ती वाट ठरू शकेल. २०२३ साली अमेरिकेच्या एफडीएने 'प्रिझम' नावाच्या एका इस्रायली न्यूरोफीडबॅक यंत्राला पीटीएसडीसाठी बाजारात यायची वाट मोकळी करून दिली. आपल्याकडच्या जाहिरातींत एवढंच वाक्य येतं. पुढचं येत नाही, ते असं की इतर उपचारांना जोड म्हणून. जोड! भाजीबरोबर कोशिंबीर असते तशी. आपल्याकडे कोशिंबिरीचंच जेवण विकतायत.

तिसरा युक्तिवाद काकांचा. "हे सगळं आपल्या योग्यांना आधीच माहीत होतं!" काका, अर्धं खरं आहे. १९७० मध्ये अमेरिकेत टोपेका इथल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये स्वामी राम यांनी एकाच तळहातावरच्या दोन जागांचं तापमान वेगवेगळं करून दाखवलं, आणि एल्मर ग्रीन यांच्या यंत्रांनी ते टिपलं. बायोफीडबॅकच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण मला अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया यंत्रांनी मोजून बघण्यासाठी. 'आधीच माहीत होतं' म्हणून ते गप्प बसले नाहीत, मोजायला बसले. वारसा सांगायचा तर तो सांगा.

आणि मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा कसा असतो त्याचं उदाहरण नील मिलर यांचं. साठच्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की उंदीर बक्षिसासाठी हृदयाचे ठोकेसुद्धा बदलायला शिकतात. बायोफीडबॅकची सगळी लाट त्यावर उठली. मग तेच प्रयोग पुन्हा केल्यावर निकाल येईनात, आणि मिलर यांनी ते स्वतःच जाहीरपणे छापलं. आपल्या लाटेला आपणच ओहोटी लावणारा माणूस! पॅकेज विकणाऱ्यांच्या भिंतीवर मला त्यांचा फोटो बघायला आवडेल.

मग बायोफीडबॅकचं काहीच करू नये का? करावं की! पण काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मिनिटाला साधारण सहा श्वास, या संथ लयीत हृदयाच्या ठोक्यांची लवचीक चढउतार सर्वात मोठी होते. श्वासाचा बायोफीडबॅक मुख्यतः हेच शिकवतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांना आढळलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येतो. यासाठी घड्याळ पुरतं. याने पीटीएसडी बरा होतो असा माझा दावा नाही, पहाटे तीनला छाती धडधडते तेव्हा हाताशी काहीतरी असावं एवढंच. फुकट आहे, आणि खऱ्या उपचारांच्या आड येत नाही. फक्त एक काळजी: आघातातून गेलेल्या काही जणांना डोळे मिटून शांत बसलं की उलट भीती वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, किंवा हे तज्ज्ञासमोरच करावं. न्यूरोफीडबॅकमध्येही खोल शिथिल अवस्थेत जुन्या आठवणी उसळू शकतात. तेव्हा शेजारी यंत्र चालवणारा नव्हे, आघातावर उपचार करता येणारा माणूस लागतो.

तरीही कुणाला जायचंच असेल तर पैसे देण्याआधी एवढं विचारा:

१. पीटीएसडीचं निदान कुणी केलं, माझ्याशी बोलून की नकाशा बघून?
२. सत्र घेणाऱ्याचं शिक्षण काय? यंत्राचा कोर्स की मानसोपचार?
३. यासोबत आघातावरचा शिफारशीतला कोणता उपचार चालू असेल?
४. दहा सत्रांत फरक पडला नाही तर काय? फरक कशाने मोजणार, माझ्या झोपेने की तुमच्या आलेखाने?
५. उरलेले पैसे परत मिळतील का?

पाचव्या प्रश्नाला समोरच्याचा चेहरा बघा. तो बायोफीडबॅक अचूक असतो :-)

आणि ज्यांना कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही त्यांच्यासाठी, १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एकही धड येत नाही हे खरं आहे, लहान गावात तर शोधूनही सापडत नाही. यंत्रांच्या दुकानांना जागा मिळते ती या पोकळीतच. त्याबद्दल सरकारशी भांडायचंय, पण तो वेगळा लेख.

घरच्या मंडळींना शेवटचं. पैसे अजून भरलेले नाहीत, मुदत महिनाअखेरची आहे. वर्गणी काढताय असं कळलं. माझा वाटा मी देईन, दुप्पट देईन, पण बारा सत्रांच्या खऱ्या उपचारासाठी. तोवर एक काम बिनपैशाचं आहे. त्या मित्राचं नाव घ्या. घरात, जेवताना, सहज. त्याच्यावर बोलायची सक्ती नको, पण नाव घ्यायला घरात बंदी नाही एवढं त्याला कळू दे.

ब्लॉगवाल्या दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी हे उपचार घेतले असतील तर जरूर लिहा, बरे झाला असलात तर जास्तच. मी वाद घालीन, पण वाचीन नक्की.